कडता

आयुष्यभर दुसऱ्याचं तोलत आलो.
तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात बावीस वर्षं मापाडी.
काटा कधी मारला नाही,
पासंग ठेवला नाही.
मंगळवारी शिबिरात
मलाच काट्यावर उभं केलं.

सत्तर.

म्हटलं, बारदान वजा करा की मॅडम.
मोबाईल, गाळ्याच्या चाव्या,
मघाशी खाल्लेला भजीपाव.
डॉक्टर कोयंडे हसल्या नाहीत.
उंची घेतली, एकशे अडुसष्ट.
वजनाला उंचीनं भागलं, मीटरमध्ये,
आलं त्याला पुन्हा उंचीनंच भागलं.
चोवीस पूर्णांक आठ.

भिंतीवरच्या तक्त्यात पंचवीसपर्यंत हिरवं होतं.
पास! दोन दशांशांनी का होईना.
त्या म्हणाल्या, हा तक्ता तिकडच्या माणसांवरून आखलेला.
आपली रेघ तेवीसला.
म्हणजे आमचा भाव वेगळा?
भाव नाही हो, माल वेगळा.
हातपाय काटक्या, आणि सगळा साठा पोटात,
आतड्यांभोवती, यकृतावर.
साखर तिथूनच चढायला लागते,
तिकडच्यांपेक्षा अलीकडच्या आकड्यावर.

हे मला कळलं.
काही गोणी अशाच येतात:
वरचं साल कोरडं, वाजणारं,
सुरी घातली की आत काळं.
काट्याला ते दिसत नाही.
काटा किती ते सांगतो,
काय ते सांगत नाही.

माझ्यामागे रांगेत सोपान वारागडे, माथाडी.
दिवसभर पाठीवर पन्नासची गोण.
त्याचा आकडा सव्वीस. बिचाऱ्याला घाम फुटला.
बाईंनी टेप काढली, पोटाभोवती फिरवली.
ब्याऐंशी.
घाबरू नका, म्हणाल्या, हे मांस आहे, कमावलेलं.
साखर तेवढी तपासून घ्या.

मग टेप माझ्याकडे आली.
मी श्वास आत ओढला.
सोडा, म्हणाल्या.
सोडला.
पंच्याण्णव.

नव्वदच्या आत आणा. वजन पासष्टच्या आत.

पाच किलो म्हणजे काय
ते मला कोणी सांगायची गरज नाही.
गिऱ्हाईक ती पिशवी घेऊन रिक्षा शोधतं तेव्हा
दर वीस पावलांवर हात बदलतं.
मी ती कधी उचलली आठवत नाही,
खाली ठेवल्याचंही.

वडील शंभरची गोण उचलायचे,
स्वतः भरायचे छप्पन्न.
जावळीतून आले तेव्हा सोबत एक घोंगडी होती.
मला बारावी केलं, लायसन मिळवून दिलं,
म्हणाले, आता तू बसून खा.
मी बसलो.
खाल्लं.

संध्याकाळी सातला गाळ्यात कोणी नव्हतं.
शेटचा पोरगा फोनवर, लाईट अर्धे बंद,
फरशीवर पापुद्रे उडत होते.
मोठ्या काट्यावर चढलो,
जिथे रोज दुसऱ्यांच्या गोणी चढवतो.
लाल आकडे थरथरले, थांबले.
सत्तर, शून्य.
पूर्वी अडते गोणीमागे कडता कापायचे,
मातीचा, ओलाव्याचा, कशाकशाचा.
शेतकरी बोलायचा नाही, बघत राहायचा.
मला ते बघणं आठवलं.

मग उगाच, सवयीनं म्हणा,
बारदानाचं बटण दाबलं.

शून्य.

मी तर तिथंच उभा होतो,
पोटासकट, चाव्यांसकट.
खाली उतरलो तेव्हा रिकाम्या काट्यावर
उणे सत्तर.
तेवढं एकच खोटं वजन
बावीस वर्षांत माझ्या हातून झालं.
पुसून टाकलं.

बाहेर घणसोलीची बस लागलेली होती.
कंडक्टर ओळखीचा, म्हणाला, चला मापाडी.
म्हटलं, तू हो पुढे.
कोपरखैरण्यापर्यंत जमतंय का बघतो.
सानपाड्याकडून वारा येत होता, कांद्याचाच वास.
पुलाच्या चढावर धाप लागली.
थांबलो.
हात बदलावा तसा
या पायावरून त्या पायावर झालो.